शब्दविचार : वाकडे ते सगळे ‘क्रुकिड’ नव्हे

मागील अंकात ‘सरळ’ या शब्दाविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना ‘क्रुकिड’ या इंग्रजी विशेषणाचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावरून आलेल्या पत्रांपैकी सहा प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत, कारण त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. नववीतील एका मुलाने ‘आमचे शेजारी’ या विषयावर लिहिताना ‘अवर नेबर इज अ क्रुकिड मॅन’ असे वाक्य लिहिले. शेजारी सदा वाकड्यात शिरतात, सरळ बोलत नाहीत, एवढेच त्याला सांगायचे होते. शब्दकोशात ‘क्रुकिड’ म्हणजे ‘वाकडा’ असेच दिले आहे. हे वाक्य चूक ठरवावे का?

उत्तर : वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, परंतु त्याचा अर्थ त्या मुलाच्या मनातील अर्थापासून फार दूर गेलेला आहे. इंग्रजी वाचणारा माणूस त्यातून असे समजेल की हे शेजारी लबाड आहेत, व्यवहारात लोकांना फसवतात, कदाचित एखाद्या गुन्ह्यातही अडकलेले असतील. भांडखोरपणाचा किंवा आडमुठेपणाचा आरोप आणि फसवणुकीचा आरोप यांत किती अंतर आहे हे आपणांस सांगायला नको. शेरा देताना ‘चूक’ एवढेच न लिहिता हा फरक त्या मुलाला समजावून सांगावा, असे मला वाटते, कारण शब्दकोशातील पहिल्या अर्थावर विश्वास ठेवण्यात त्याचा दोष नाही.

मराठीतील ‘वाकडा’ हा शब्द माणसाला लागतो तेव्हा तो बहुधा स्वभावाविषयी किंवा संबंधांविषयी बोलतो. ‘त्याचे आणि माझे वाकडे आहे’ म्हणजे आमचे पटत नाही. त्यात दोघेही प्रामाणिक असू शकतात. ‘वाकड्यात शिरणे’ म्हणजे वितुष्ट ओढवून घेणे. ‘तोंड वाकडे करणे’ म्हणजे नापसंती दाखवणे. ‘वाकड्या नजरेने पाहणे’ यात वैर किंवा वाईट हेतू येतो, आणि ‘वाकडे पाऊल पडणे’ यात शीलाचा प्रश्न येतो, पण पैशाचा येत नाही. ‘तुमच्यासाठी वाट वाकडी करून आलो’ यात तर चक्क आपुलकी आहे. ‘सरळ बोटाने तूप निघत नाही’ असे म्हणून जेव्हा बोट वाकडे करण्याची गोष्ट निघते, तेव्हा ती कडक उपायाची असते. या सर्व ठिकाणी ‘क्रुकिड’ घातले तर एकतर अर्थ लागणार नाही किंवा भलताच लागेल.

इंग्रजी विशेषणाचा लाक्षणिक अर्थ याच्या मानाने अरुंद आणि अधिक धारदार आहे. विश्वासाने सोपवलेली गोष्ट, म्हणजे पैसा, पद, कायदा, खेळाचा निकाल, मापाचा तराजू, कोणी लपूनछपून आपल्या फायद्याकडे वळवली की तेथे हा शब्द येतो. लाच घेणारा पोलीस, हिशेबात फेरफार करणारा मुनीम, आतून वजन भरलेले फासे वापरणारा जुगारी, ठरवून लावलेली कुस्ती, आतून संगनमत झालेला ठेका, या सर्वांना इंग्रजी ‘क्रुकिड’ म्हणेल. उलट एखादा अधिकारी कमालीचा हेकट असेल, प्रत्येक कागदात खोट काढत असेल, पण एका पैशालाही शिवत नसेल, तर मराठीत त्याला लोक सहज ‘वाकडा माणूस’ म्हणतील. इंग्रजीत मात्र त्याला ‘क्रुकिड’ म्हणणे म्हणजे त्याच्या चारित्र्यावरच घाला घालणे होय. तक्रारअर्ज, वृत्तपत्रातील पत्र किंवा कार्यालयीन टिपण यांत असे घडले तर प्रकरण बदनामीच्या आरोपापर्यंत जाऊ शकते. म्हणूनच शाळेतच हा भेद शिकवला जावा असे मी आग्रहाने म्हणतो.

या शब्दाचे वजन सार्वजनिक जीवनात किती आहे, याची दोन उदाहरणे अमेरिकेतील आहेत. वॉटरगेट प्रकरण पेटलेले असताना १७ नोव्हेंबर १९७३ रोजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी फ्लॉरिडात संपादकांच्या मेळाव्यापुढे ‘आय ॲम नॉट अ क्रुक’ असे जाहीरपणे सांगितले. आपला राष्ट्राध्यक्ष ‘क्रुक’ आहे की नाही हे जाणून घेण्याचा लोकांना हक्क आहे, असे म्हणूनच त्यांनी हे वाक्य उच्चारले होते. ‘मी ठक नाही’ असे देशाच्या प्रमुखाला स्वतःच्या तोंडाने सांगावे लागावे, ही गोष्टच लोकांच्या स्मरणात राहिली. पुढे ऑगस्ट १९७४ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. दुसरे उदाहरण २०१६ च्या निवडणुकीतील. डॉनल्ड ट्रम्प यांनी हिलरी क्लिंटन यांच्या नावाआधी हेच विशेषण जोडून ते प्रचारभर वापरले. दोन्ही ठिकाणी बोलणाऱ्याला ‘हट्टी’ किंवा ‘भांडखोर’ असे काहीही सुचवायचे नव्हते.

दोन्ही भाषा एकत्र येतात अशी जागाही आहे. ‘वाकड्या मार्गाने मिळवलेला पैसा’ असे आपण म्हणतो तेव्हा ‘वाकडा’ आणि ‘क्रुकिड’ अगदी जवळ असतात. येथे मराठीत वाकडा असतो तो मार्ग, माणूस नव्हे, हे ध्यानात ठेवले तर गोंधळ होणार नाही. ‘कुटिल’ हा संस्कृतातून आलेला शब्दही असाच जवळचा आहे. संस्कृतात कुटिल म्हणजे वळलेला, कुरळा आणि कपटीही. मराठीत पहिला अर्थ काव्यापुरता उरला आणि दुसरा व्यवहारात राहिला. मात्र ‘कुटिल’ म्हटले की डावपेच रचणारी बुद्धी डोळ्यांपुढे येते, आणि ‘क्रुकिड’ला बुद्धी लागतेच असे नाही. रस्त्यावर पावती न फाडता पैसे घेणारा शिपाई क्रुकिड असतो, कुटिल नसतो. कुटिलासाठी इंग्रजीत ‘डीव्हिअस’ अधिक शोभतो.

आपल्या विद्यार्थ्याला ‘डिफिकल्ट’ किंवा ‘क्वॉरलसम’ यांपैकी एक शब्द सुचवावा. जाता जाता एक गोष्ट त्याला अवश्य सांगावी : कॅनडाच्या पूर्व टोकाला असलेल्या न्यूफाउंडलंडच्या बोलीत ‘क्रुकिड’ म्हणजे चिडका, तिरसट असाच अर्थ आहे, त्यामुळे त्याचे वाक्य तेथील म्हाताऱ्या कोळ्याला बरोबर कळले असते. प्रमाण इंग्रजीत ते चालणार नाही, एवढेच.

प्रश्न : नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत मी पाइप वळवण्याच्या कामावर देखरेख करतो. आमच्या परदेशी ग्राहकाने परत पाठवलेल्या मालाच्या अहवालात काही नळ्यांना ‘बेंट’ आणि काहींना ‘क्रुकिड’ म्हटले आहे. ‘कर्व्ह्ड’ हा शब्दही आमच्या आराखड्यात असतो. मराठीत आम्ही तिन्हींना ‘वाकलेले’ म्हणतो. यांत फरक आहे का?

उत्तर : फरक आहे आणि आपल्या कामाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. ‘कर्व्ह्ड’ म्हणजे एकसारख्या गोलाईने वळलेले. त्यात दोष गृहीत धरलेला नाही, बहुधा ती गोलाई हेतुपूर्वक दिलेली असते. आपण ज्याला बाकदार किंवा कमानदार म्हणतो ते हे. ‘बेंट’ हे क्रियेतून आलेले विशेषण आहे : कोणीतरी किंवा कशानेतरी जोर लावला आणि वस्तू एका जागी दुमडली. आराखड्याप्रमाणे दिलेला बाक असो की वाहतुकीत पडलेला, दोन्हींना ‘बेंट’ चालते, म्हणून अहवालात पुढे कारण दिले आहे का ते पाहावे. ‘क्रुकिड’ मात्र नेहमी अपेक्षाभंग दाखवतो. जे सरळ असायला हवे होते ते सरळ नाही, आणि त्याच्या वाकण्यात काही नियम किंवा एकसारखेपणाही नाही, असे त्यात म्हटलेले असते. म्हणूनच भिंतीवरची तसबीर, गळ्यातला टाय, ठोकताना तिरपा गेलेला खिळा, वेडेवाकडे आलेले दात यांना ‘क्रुकिड’ म्हणतात, पण इंद्रधनुष्याला किंवा धनुष्याला कोणी म्हणत नाही. आराखड्यात हा शब्द कधीच यायचा नाही. तो केवळ दोषाच्या अहवालात यावा. ग्राहकाने तो वापरला असेल तर नळीच्या लांबीभर सरळपणा राहिलेला नाही असे त्याला म्हणायचे आहे, केवळ एखाद्या कोनाची चूक दाखवायची नाही.

शब्दाचा हा मूळ, डोळ्यांना दिसणारा अर्थ नीट मनात बसवायचा असेल तर जगातील काही ठिकाणांची नावे उपयोगी पडतात. इंग्लंडमध्ये डर्बीशर परगण्यातील चेस्टरफील्ड येथे चौदाव्या शतकातील एका चर्चचा मनोरा आहे. सुमारे २२८ फूट उंचीचा हा निमुळता मनोरा स्वतःभोवती सुमारे ४५ अंश पिळलेला आणि मध्यापासून ९ फुटांहून अधिक झुकलेला आहे, आणि सारे जग त्याला ‘क्रुकिड स्पायर’ या नावाने ओळखते. न मुरलेले ओले लाकूड, त्यावर चढवलेले सुमारे ३३ टन शिशाचे पत्रे आणि आतील आडव्या तुळयांचा आधार अपुरा असणे, अशी त्याची कारणे सांगितली जातात. एका बाजूने पडणाऱ्या उन्हाने शिसे अधिक प्रसरण पावते हेही त्यांत धरतात. तो झुकलेला आहे, पिळलेला आहे, वळलेला आहे, आणि ‘क्रुकिड’ या एका शब्दात हे सगळे मावते, कारण मनोऱ्याकडून सरळपणाची अपेक्षा असते.

स्टॅफर्डशरमधील हिमली गावाजवळ १७६५ मध्ये बांधलेली एक इमारत होती. खालच्या खाणकामामुळे जमीन खचून ती एका अंगाला कलली आणि पुढे ‘क्रुकिड हाउस’ या नावाचे मद्यालय म्हणून प्रसिद्धीस आली. ऑगस्ट २०२३ मध्ये तिला आग लागली आणि दोनच दिवसांत उरलेल्या भिंती परवानगीशिवाय पाडल्या गेल्या, तेव्हा इंग्लंडमध्ये मोठा संताप उसळला. पोलंडमधील ग्रिफिनो गावाजवळ सुमारे १९३० मध्ये लावलेले पाइन वृक्ष बुंध्यापाशीच आडवे वळून मग उभे वाढले आहेत. तेथील भाषेतील त्या जंगलाच्या नावाचा अर्थही ‘वाकडे वन’ असाच आहे आणि इंग्रजीत ते ‘क्रुकिड फॉरेस्ट’ झाले. सॅन फ्रान्सिस्कोतील लोम्बार्ड स्ट्रीटच्या एका तुकड्याला १९२२ मध्ये आठ तीव्र वळणे देण्यात आली, कारण तेथील २७ टक्के चढ सरळ चढणे तेव्हाच्या मोटारींना जड जाई. जाहिरातीत तिला जगातील ‘क्रुकिडेस्ट’ गल्ली म्हणतात. ही वळणे मुद्दाम दिलेली असूनही हा शब्द लागला, तो या समजुतीने की शहरातला रस्ता सरळ असायला हवा. घाटातल्या रस्त्याला मात्र इंग्रजीत सहसा ‘वाइंडिंग’ म्हणतात. घाटाने सरळ जावे अशी अपेक्षाच नसते.

माणसाच्या चेहऱ्याच्या बाबतीत एक अपवाद नोंदवावा. ‘क्रुकिड स्माइल’ म्हणजे ओठाच्या एकाच कोपऱ्यातून फुललेले हसू. त्यात लबाडी असतेच असे नाही, बऱ्याचदा ते लोभस मानले जाते. शरीराच्या बाबतीत मात्र काळजी घ्यावी. पूर्वी पाठीत वाकलेल्या माणसाला इंग्रजीत सर्रास ‘क्रुकिड’ म्हणत. आज ते अपमानास्पद आहे. वयाने वाकलेल्या आजोबांसाठी ‘स्टूप्ड’ हा शब्द आहे. या मुद्द्याकडे पुढच्या एका उत्तरात पुन्हा यावे लागणार आहे.

प्रश्न : उच्चार ‘क्रुक्ड’ की ‘क्रुकिड’? दोन्ही ऐकले आहेत. (अमरावतीचे एक वाचक)

उत्तर : दोन्ही आहेत, पण वेगवेगळ्या शब्दांचे. विशेषण असेल तेव्हा दोन अवयव, ‘क्रुकिड’. त्यातला ‘क्रु’ ऱ्हस्व, ‘बुक’मधल्यासारखा. ‘बोट वाकवून खुणेने बोलावले’ या अर्थाचे भूतकाळी क्रियापद असेल तर एकच अवयव, ‘क्रुक्ट’. ‘नेकिड’, ‘विकिड’, ‘रगिड’ या विशेषणांतही शेवटचा स्वर असाच टिकून आहे. ‘लर्निड’ म्हणजे विद्वान आणि ‘लर्न्ड’ म्हणजे शिकला, ही जोडी लक्षात ठेवली की ‘क्रुकिड’ची जोडी आपोआप लक्षात राहील.

प्रश्न : मी संतवाङ्मयातील निवडक रचनांचा इंग्रजी अनुवाद करीत आहे. चोखोबांच्या ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा’ या अभंगात ‘डोंगा’साठी ‘क्रुकिड’ वापरले, तर एका मित्राने आक्षेप घेतला की त्यातून चोखोबा लबाड होते असे वाटेल. तसेच पसायदानातील ‘व्यंकटी’ आणि गणेशस्तुतीतील ‘वक्रतुंड’ यांसाठी काय घ्यावे? (सोलापूर)

उत्तर : आपल्या मित्राचा आक्षेप मन लावून केलेल्या वाचनातून आलेला आहे, तरीही माझे मत त्याच्या विरुद्ध आहे. या अभंगात ‘क्रुकिड’च घ्यावा.

‘डोंगा’ म्हणजे वाकडा. चोखोबा एकेक दृष्टांत देतात : ऊस वाकडा पण रस वाकडा नाही, कमान वाकडी पण तीर वाकडा नाही, नदी वाकडी पण पाणी वाकडे नाही, आणि अखेरीस ‘चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा’. मधल्या ओळीत ते विचारतात, ‘काय भुललासी वरलिया रंगा’. अनुवादक प्रत्येक ओळीला वेगळा नेमका शब्द देऊ लागला, म्हणजे कमानीला ‘बेंट’, नदीला ‘वाइंडिंग’, उसाला ‘नॉटी’ (म्हणजे गाठाळ), तर प्रत्येक ओळ सुटी बरोबर होईल आणि अभंग मात्र हातातून जाईल. एकच शब्द पुन्हा पुन्हा येतो आणि शेवटच्या ओळीत तो बोलणाऱ्याच्या स्वतःच्या अंगावर येतो, यातच या रचनेची सारी ताकद आहे. म्हणून सर्व ओळींना पेलणारा एकच शब्द हवा. ‘बेंट’ चालणार नाही, कारण ब्रिटिश बोलीभाषेत त्याला भ्रष्टाचाराचा आणि समलिंगी व्यक्तींविषयी हिणकस असा अर्थ आहे. ‘कर्व्ह्ड’ फार गुळगुळीत आहे. त्यात कोणी कोणाला हिणवत नाही.

‘क्रुकिड’मध्ये हिणवणे आहे, आणि तेच येथे हवे आहे. चोखोबांना मंदिराच्या आत प्रवेश नव्हता; पंढरपूरला त्यांची समाधी आजही महाद्वाराच्या बाहेर, नामदेव पायरीसमोर आहे. समाजाने त्यांच्या जन्मावरून त्यांच्यावर वाकडेपणाचा शिक्का मारला होता. इंग्रजी वाचक ‘चोखा इज क्रुकिड’ एवढे वाचून क्षणभर दचकेल, त्याला तो आरोप वाटेल. आणि लगेच ओळीचा दुसरा भाग तो आरोप मोडून काढील. शब्दाचे दोन अर्थ येथे अडचण नसून अनुवादकाचे साह्य आहेत. बाह्य वाकडेपणावरून आतल्या वाकडेपणाचा निष्कर्ष काढू नका, हेच तर चोखोबा सांगत आहेत, आणि ते सांगायला बाह्य आणि आंतर असे दोन्ही अर्थ अंगी असलेला शब्द मिळणे हे भाग्य आहे.

हा निष्कर्ष काढण्याची सवय जगभर होती. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये बॉस्वर्थच्या लढाईत पडला. त्यानंतर आलेल्या ट्युडर घराण्याच्या काळातील लेखकांनी त्याची पाठ वाकडी असल्याचे ठसवून सांगितले आणि त्याच्या क्रौर्याला जणू त्याच्या शरीराचीच साक्ष दिली. २०१२ मध्ये लेस्टर शहरातील एका वाहनतळाखाली त्याचा सांगाडा सापडला. पाठीचा कणा एका बाजूला वळलेला होता हे खरे, पण कुबड नव्हते. एक खांदा दुसऱ्याहून काहीसा वर असावा एवढेच. शरीराच्या बाकाला चारित्र्याचा पुरावा मानणाऱ्या लेखकांपेक्षा सुमारे दोन शतके आधी मंगळवेढ्यातला एक कष्टकरी संत त्या विचाराचा पायाच उखडत होता, हे अनुवादाच्या प्रस्तावनेत आपण अवश्य लिहावे. आठ ठिकाणी वाकलेल्या अष्टावक्र ऋषींची जनकाच्या सभेतली कथाही याच जातीची आहे.

पसायदानातील ‘जे खळांची व्यंकटी सांडो’ या ओळीत ‘व्यंकटी’ म्हणजे वक्रता, वाकडेपणा. येथे ‘क्रुकिडनेस’ उत्तम बसतो. काही अनुवादक ‘दुष्टपणा’ या अर्थाचे सरळ शब्द घेतात आणि त्यामुळे ज्ञानदेवांच्या मागण्यातील सूक्ष्मता हरवते. १२९० मध्ये पूर्ण झालेल्या त्या ग्रंथाच्या अखेरीस ते दुष्टांचा नाश मागत नाहीत. त्यांच्यातील बाक तेवढा गळून पडावा असे मागतात. गळून पडू शकणारी गोष्ट स्वभावाचा गाभा नसते, हे ‘सांडो’ या क्रियापदात आहे. इंग्रजी बायबलच्या १६११ च्या प्रसिद्ध अनुवादात यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात जे ‘क्रुकिड’ आहे ते सरळ केले जाईल असे वचन येते, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टनच्या भाषणात तेच वचन उच्चारले. त्यामुळे वाकडे सरळ होण्याची आशा इंग्रजी वाचकाच्या कानाला परिचित आहे. याच्या उलट बाजूला जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कान्ट उभे आहेत. माणूस ज्या वाकड्या लाकडाचा बनला आहे त्यातून पूर्ण सरळ असे काही घडवता येत नाही, असे त्यांनी १७८४ मध्ये लिहिले, आणि इंग्रजीत त्या लाकडाला ‘क्रुकिड टिंबर’ म्हणतात. तेथेही अर्थ लबाडीचा नाही, मानवी अपूर्णतेचा आहे. तेव्हा भारदस्त, चिंतनपर लेखनात हा शब्द व्यवहारातल्या फसवणुकीच्या पलीकडे जाऊ शकतो. आपल्या अनुवादाला हा आधार पुरेसा आहे.

‘वक्रतुंड’ला मात्र ‘क्रुकिड’ लावू नये. गणपतीची सोंड वळलेली असणे हा दोष नाही. ती सरळ असावी अशी कोणाची अपेक्षाही नाही. तेथे ‘कर्व्ह्ड’ हाच शब्द योग्य आहे.

प्रश्न : गोव्यात बिशपांच्या हातातील वरून वळलेल्या दंडाला इंग्रजीत ‘क्रुक’ म्हणतात असे ऐकले. चोरालाही ‘क्रुक’ म्हणतात. एका पवित्र वस्तूला आणि ठकाला एकच शब्द कसा? ‘बाय हुक ऑर बाय क्रुक’ यातला क्रुक कोणता? (मडगाव)

उत्तर : मूळ शब्द एकच आहे आणि तो आकड्याचा आहे. उत्तर युरोपातील नॉर्स लोकांच्या भाषेत ‘क्रोकर’ म्हणजे आकडा, हुक. व्हायकिंगांच्या वसाहतींबरोबर त्या भाषेतील पुष्कळ शब्द इंग्लंडमध्ये रुजले, त्यांतला हा एक. मेंढपाळाच्या काठीचे टोक आकड्यासारखे वळवलेले असते, म्हणजे पळणाऱ्या मेंढीला मानेशी किंवा पायाशी अडवता येते. त्या काठीला ‘क्रुक’ म्हणू लागले. आपल्याकडे शेळ्यांसाठी फांदी खाली ओढायला वापरतात ती आकडी याच कुळातली वस्तू आहे. ख्रिस्ती परंपरेत बिशप हा श्रद्धावंतांच्या कळपाचा मेंढपाळ मानला जातो, म्हणून त्याचा दंडही त्याच आकाराचा. आकड्यासाठीच्या फ्रेंच शब्दापासून ‘छोटा आकडा’ अशा अर्थाने तयार झालेला शब्द आपल्या घराघरांत आला तो ‘क्रोशा’ म्हणून. क्रोशाच्या सुईचे टोक पाहिले की नाते स्पष्ट होते.

वळणाचा आकडा वर्तनाला लागला तो मध्ययुगीन इंग्रजीतच, त्यामुळे ‘क्रुकिड’चा ‘कपटी’ हा अर्थ फार जुना आहे. ठक या अर्थाचे ‘क्रुक’ हे नाम मात्र १९व्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रूढ झाले. ‘बाय हुक ऑर बाय क्रुक’ हा वाक्प्रचार चौदाव्या शतकापासून आढळतो, म्हणजे त्यातला ‘क्रुक’ ठक असणे शक्यच नाही. जमीनदाराच्या रानातून कोयत्याने किंवा आकडीने हाताला लागेल तेवढेच वाळके लाकूड नेण्याची कुळांना मुभा असे, त्यावरून तो आला असे सांगतात. हा खुलासा लोकप्रिय आहे, सिद्ध झालेला नाही. त्याचा अर्थ ‘काहीही करून’, ‘येनकेन प्रकारेण’ असा आहे. बरा-वाईट कोणताही मार्ग त्यात येतो, पण केवळ वाईटच मार्ग अभिप्रेत नसतो. म्हणून ‘लबाडीने निवडणूक जिंकली’ याचे भाषांतर या वाक्प्रचाराने करू नये.

प्रश्न : माझी मुलगी मेलबर्नला नोकरी करते. तिच्या वरिष्ठांनी सकाळी फोनवर ‘आय ॲम फीलिंग क्रुक’ असे सांगितले आणि ती गोंधळून गेली. हा काय प्रकार आहे? (पुणे)

उत्तर : ते आजारी होते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील बोलीत ‘क्रुक’ हे विशेषण म्हणून वापरतात आणि त्याचा अर्थ ‘बरे नसलेला’ असा होतो. बिघडलेले यंत्र, नासलेले अन्न, दुखणारा गुडघा यांनाही तेथे ‘क्रुक’ म्हणतात, आणि ‘गोइंग क्रुक’ म्हणजे एखाद्यावर रागावणे. यात लबाडीचा लवलेशही नाही. मुलीने ‘लवकर बरे वाटो’ असे म्हटले असते तर ते अगदी उचित उत्तर ठरले असते. मात्र तेथेही एखाद्या माणसाला ‘अ क्रुक’ असे नाम म्हणून संबोधले तर त्याचा अर्थ ठक असाच होतो, तेव्हा आधीच्या छोट्या ‘अ’कडे तिने कान द्यावा.